कोयता क्रमांक सातच्या कॅलरी

विज्ञान कोणाचीही बाजू घेत नाही.

हे वाक्य राजसने पडद्यावर दाखवलं तेव्हा संगमनेरच्या त्या कॉलेजच्या सभागृहात सतरा प्राध्यापक बसले होते आणि त्यांतले नऊ जागे होते. पुढच्या स्लाइडवर मनगटी घड्याळाचं चित्र होतं. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, या अभ्यासाचा खर्च हे घड्याळ बनवणारी कंपनीच करते आहे. विज्ञानावर बाजू घ्यायची वेळच येऊ नये, याची अशी आधीच तजवीज झालेली होती.

राजस हा पुण्याच्या एका ट्रस्टचा प्रकल्प अधिकारी. वय सत्तावीस, आणि बोलणं इतकं मऊ की त्याच्यावर चिडायचं म्हटलं तर आपणच उद्धट ठरावं. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. दर हिवाळ्यात पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या प्रवराकाठी येतात. ही माणसं दिवसाला किती कॅलरी जाळतात ते कोणी नीट मोजलेलं नाही. ट्रस्ट ते घड्याळाने मोजणार. पंधरा दिवसांची टोळीची सरासरी तीन हजारांच्या वर गेली तर त्यांचे श्रम 'अतिश्रम' ठरतील, आणि टोळीतल्या प्रत्येकाला हंगाम संपेपर्यंत रोज एक पाकीट मिळेल. पाकिटात शेंगदाण्याचे दोन लाडू, दोन उकडलेली अंडी आणि मूठभर फुटाणे. सरासरी तीन हजारांच्या खाली राहिली तर श्रम 'मध्यम'. मध्यम श्रमांना पाकीट लागत नाही.

तीन हजारच का, असं प्राणिशास्त्राच्या नीलांबरीबाईंनी विचारलं. राजस म्हणाला, तसा तक्ता आहे. तक्ता कुठला, तर मागच्या वर्षीच्या सादरीकरणातला. सभेत एवढा एकच प्रश्न आल्यामुळे प्राचार्यांनी स्थानिक समन्वयक म्हणून नीलांबरीबाईंचं नाव तिथल्या तिथे जाहीर केलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत जागं राहण्याचे परिणाम त्यांना ठाऊक झालेले होते. तरी अधूनमधून डोळा उघडा राहून जाई.

टोळी कारखान्याच्या रस्त्यालगतच्या माळावर उतरली होती. बांबू आणि पाचटाच्या दहा कोप्या, दहा बैलगाड्या, वीस बैल आणि मुकादम अजिनाथ. तो एकटाच खुर्चीवर बसे, कारण खुर्ची एकच होती. राजसने त्याला फोनवर विचारलं होतं, किती जण आहेत. अजिनाथ म्हणाला होता, दहा कोयते. त्यावरून राजसने दहा घड्याळं आणली.

आता कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोघं मिळून एक. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, आणि हजेरीला एक कोयता लागतो, तोही नवऱ्याच्या नावाने. माळावर वीस माणसं उभी बघून राजसने घड्याळांचा खोका पुन्हा मोजला. मग म्हणाला, हरकत नाही, सॅम्पल म्हणजे सॅम्पल.

दहापैकी नऊ घड्याळं नऊ पुरुषांच्या मनगटांवर गेली. त्यासाठी कोणी कोणाला काही विचारलं नाही. सातव्या कोयत्याचा बजरंग मात्र पुढे येऊन म्हणाला, "हिला बांधा. पाकीट हिलाच लागतंय."

ही म्हणजे चांगुणा. वय एकोणतीस. नीलांबरीबाईंनी घरून न्हाणीघरातला वजनकाटा आणला होता, त्यावर ती अडतीस किलो चारशे ग्रॅम भरली. दिवाळीआधी, गाव सोडताना, पाथर्डीच्या दवाखान्यात एक्केचाळीस भरली होती. तिथल्या डॉक्टरांनी रक्त सात आहे असं सांगून खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. लक्ष ती देत होती. खाणं दोन भाकरी आणि ठेच्याच्या पुढे सरकत नव्हतं.

या हंगामात मोळी डोक्यावर असताना ती दोनदा बसली होती. म्हणजे पडली होती. पण अजिनाथला सांगताना सगळ्यांनी बसली असंच सांगितलं होतं. अजिनाथ वाईट माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला होता की तिसऱ्यांदा बसली तर तिला गावाकडं लावून देईन आणि बजरंगचा अर्धा कोयता धरीन. अर्धा कोयता म्हणजे एकटा गडी. अर्ध्या कोयत्याकडे बैलगाडी ठेवत नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावणंही येत नाही. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून अडीच महिने होते. तेवढे दिवस रोज दोन अंडी आणि दोन लाडू पोटात गेले तर चांगुणा उभी राहील, असं बजरंगला वाटत होतं. असं वाटण्यात अशास्त्रीय काही नव्हतं.

राजसने घड्याळ कसं बांधायचं ते दाखवलं. काम करतो त्या हातावर नाही, दुसऱ्या हातावर. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर. कातडीला घट्ट टेकलं पाहिजे, कारण मागचा हिरवा दिवा नाडी बघतो.

टोळीतली सगळ्यांत वडील बाई झुंबरबाई. सून बाळंतपणाला गेल्यामुळे साठाव्या वर्षी ती मुलाबरोबर कोयत्यात उभी राहिली होती. तिने मुलाचं मनगट उलटंसुलटं करून घड्याळ बघितलं.

"भूक किती लागली ते सांगतंय का रं बाबा?"

राजस म्हणाला, "नाही आजी, ते फीचर यात नाही."

"मंग त्याला हातात कशाला घालायचं," असं म्हणून झुंबरबाईने विषय संपवला. पुढच्या पंधरा दिवसांत या यंत्राबद्दल एवढं नेमकं कोणी बोललं नाही.

पहिल्या दिवशी नीलांबरीबाई पहाटे पाचला उसाच्या फडात गेल्या, आणि साडेपाचपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की काम आणि घड्याळ यांची कुठेच गाठ पडत नाहीये. उसाचं पान कापतं, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि मनगटावर चिंधी गुंडाळतात. बाहीच्या आत घड्याळ बांधलं तर चिंधीत अडकून रुतायचं. म्हणून चांगुणाने ते बाहीवरून बांधलं. हिरवा दिवा दिवसभर शर्टाची नाडी बघत राहिला.

कोयता उजव्या हातात. डावा हात नुसता ऊस धरून ठेवतो, आणि घड्याळ डाव्या हातात. उजव्या हाताने दिवसाला काही हजार घाव घातले. डाव्याने त्यांतलं काही कळू दिलं नाही. मग मोळी. चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेतली की दोन्ही हात वर जातात आणि मोळीला धरून तसेच राहतात. हात हलले नाहीत तर घड्याळाच्या मते माणूस चाललेलाच नसतो. ढेकळांतून, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांच्या टोकांतून, बांध चढून गाडीपर्यंत चांगुणाने त्या दिवशी एकसष्ट खेपा केल्या. पहिल्या काही नीलांबरीबाईंनी बांधावर बसून मोजल्या, बाकीच्या बजरंगने गाडीपाशी मोजून सांगितल्या. तेवढा वेळ चांगुणा उभी आहे, असं घड्याळाचं म्हणणं पडलं. डोक्यावरच्या वजनाबद्दल त्याचं काही म्हणणंच नव्हतं.

संध्याकाळी आकडा आला. चौदाशे बारा.

नीलांबरीबाईंच्या स्वतःच्या हातातही त्याच कंपनीचं घड्याळ होतं. मुलगी मनवा बंगळूरला नोकरी करते. आईचं वजन अठ्ठ्याहत्तरवर गेल्याचं कळल्यावर तिने ते कुरिअरने पाठवलं होतं. पहाटेचे दोन तास त्या बांधावर बसून होत्या. नंतर दोन तास शिकवलं, दुपारी स्नेहसंमेलनाच्या बक्षीस समारंभात दीड तास टाळ्या वाजवल्या, आणि कॉलेजपासून घरापर्यंतच्या पाच किलोमीटरवर, जिथे सध्या जलवाहिनीसाठी रस्ता खणलेला आहे, खड्डे खात स्कूटर हाकली. त्यांचा आकडा दोन हजार दोनशे छत्तीस होता. खाली एक नाचणारा हिरवा माणूस येऊन, आजचं लक्ष्य पूर्ण झालं म्हणून त्यांचं अभिनंदन करत होता.

दोन्ही आकडे त्यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये राजससमोर ठेवले. राजसने ते काळजीपूर्वक वाचले.

"मॅडम, तुमची लाइफस्टाइल खूप ॲक्टिव्ह आहे," तो म्हणाला.

नीलांबरीबाईंनी बाही, डावा हात, मोळी, सगळं ओळीने सांगितलं. राजस मान डोलावत ऐकत होता. मग त्याने समजावलं की घड्याळातली चूक सगळ्यांना सारखीच लागू होते, त्यामुळे ती चूक धरत नाहीत. शिवाय पद्धत मधेच बदलली तर अभ्यास बाद होतो. आणि मॅडम, चौदाशे बारा हा आकडा सगळा कामाचा नाही हं, असंही तो म्हणाला. त्यातल्या अकराशे नव्वद माणूस नुसता जिवंत राहण्यासाठी जाळतो. कामाच्या वरच्या दोनशे बावीस.

नीलांबरीबाईंनी समोरच्या बशीकडे बघितलं. बशीत वडापाव होता. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी असतात, हे त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. म्हणजे दिवसभर ऊस तोडून, एकसष्ट वेळा चाळीस किलो डोक्यावर वाहून, चांगुणाने एक अख्खा वडापाव खाण्याइतकीही पात्रता मिळवली नव्हती.

"तिचं वजन दोन महिन्यांत अडीच किलो उतरलंय," त्या म्हणाल्या. "ते कुठे गेलं असेल?"

"तो परिणाम झाला मॅडम. आपण फक्त क्रिया मोजतोय."

त्यांनी घरी जाऊन दोन पानी पत्र लिहिलं. घड्याळात कुठे कुठे किती चूक येते ते त्यात सोप्या शब्दांत होतं. माणूस काय खातो आणि त्याचं वजन किती उतरतं एवढं जरी बघितलं, तरी उत्तर साध्या काट्यावर मिळेल, असंही होतं. राजसने आभार मानले आणि पत्र अहवालाला परिशिष्ट चार म्हणून जोडायचं कबूल केलं. नीलांबरीबाईंनी आयुष्यात बरेच अहवाल वाचले होते. परिशिष्ट तीनपर्यंत त्या कधी पोचल्या नव्हत्या.

आठ-नऊ दिवस असेच गेले. पुरुषांचे आकडे अठराशे-एकोणीसशेच्या आसपास, चांगुणाचा चौदाशेच्या. दहाव्या दिवशी सुट्टीच्या वेळी फडातच भाकरी खाताना बजरंगने विचारलं की मॅडम, किती झालं म्हंजी पाकीट मिळतंय. सांगू नये असा नियम होता. नीलांबरीबाईंना त्या दिवशी नियम पाळण्याचा कंटाळा आला होता.

"तीन हजार."

"अन् आमचं?"

"चौदाशे."

चांगुणा म्हणाली, "म्हंजी अजून येकदा येवढंच करायचं?" आणि उरलेल्या फडाकडे तिने असं बघितलं की नीलांबरीबाईंनी पाण्याची बाटली उघडून उगाचच एक घोट घेतला.

दोघांचंही गणित चुकलं होतं. तीन हजार लागणार होते ते टोळीच्या सरासरीला. एकेका कोयत्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण ऊसतोडीत ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या कोयत्यावर लागतं. बजरंगला वाटलं, इथेही तसंच. नीलांबरीबाईंना हे तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांना वाटलं, सांगून काय होणार, आणि त्या स्कूटरवर बसून गेल्या.

अकराव्या दिवशी कोयता क्रमांक सातचा आकडा आला तीन हजार आठशे सत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच राजसचा फोन. आवाजात पहिल्यांदाच जरा जीव होता. डेटा फार रंजक आहे, तो म्हणाला. माणूस ताशी चार किलोमीटरच्या एकसारख्या चालीने कारखान्यापर्यंत जातो, तिथे तीन तास उभा राहतो, परत येतो. पावलं एकोणतीस हजार. आणि मॅडम, एवढं सगळं करून उभा असताना नाडी किती, तर अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस म्हणजे मॅरेथॉन पळणाऱ्यांची असते.

नीलांबरीबाई प्राणिशास्त्र शिकवत असल्यामुळे अठ्ठेचाळीस नाडी आणखी कोणाची असते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी माळावर गेल्या. बजरंगच्या गाडीचा डाव्या बाजूचा बैल, हौशा, उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, खात उभा होता. मानेवर जू घासून घासून केस गेलेले होते. तिथल्या उघड्या कातडीवर, मानेच्या पट्ट्यात खोचून, सुतळीने दोनदा गुंडाळून, घड्याळ व्यवस्थित बसवलेलं होतं. राजसने सांगितल्याप्रमाणे ते कातडीला घट्ट टेकलेलं होतं. पंधरा दिवसांत, दहा घड्याळांपैकी, सूचनांबरहुकूम बांधलेलं असं हे एकच.

बजरंग मागे येऊन उभा राहिला.

"काडू का मॅडम?"

हौशाने मान हलवली. घड्याळावर चार पावलं वाढली.

नीलांबरीबाई बराच वेळ विचार करत असाव्यात असं बजरंगला वाटलं. खरं तर त्या दमल्या होत्या. पंचावन्न उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या, आणि समोर जे होतं त्यात खोटं नेमकं कोणतं, हे ठरवायला बसायची त्यांची तयारी नव्हती. कष्ट झाले होते. ते घड्याळात आले होते. फक्त कष्ट करणाऱ्याचं नाव चुकलं होतं, आणि ते तर हजेरीत रोजच चुकत होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पण पाण्यात नेऊ नको त्याला."

शेवटचे पाच दिवस हौशा चार हजारांच्या खाली क्वचितच आला. चांगुणा त्या पाच दिवसांतही पहिल्या दहा दिवसांइतकाच ऊस तोडत होती, पण आता तिच्या हातात काही नसल्यामुळे तिच्या किती कॅलरी जळाल्या हे कळायला मार्ग नव्हता. झुंबरबाईला दोन दिवसांत सुगावा लागला. ती बजरंगला म्हणाली, "उजव्या बाजूचा बैल जास्ती वढतोय. त्याला बांधायचं हुतं." बाकीच्यांपर्यंत ही युक्ती पोचेपर्यंत वीस जानेवारी उजाडला आणि राजस घड्याळं गोळा करून घेऊन गेला.

टोळीची सरासरी एक हजार नऊशे चोवीस भरली. ऊसतोड हे मध्यम श्रमाचं काम आहे, असा निष्कर्ष निघाला. अहवालात त्याची तुलना वेगाने चालण्याशी केली होती. मात्र अभ्यासात एक अपवादात्मक व्यक्ती आढळली. तिच्यामुळे, मध्यम काम करूनही माणूस स्वतःच्या चिकाटीने किती कॅलरी जाळू शकतो हे सिद्ध होतं, असं एक चौकटीतलं टिपण होतं. त्या व्यक्तीचा सत्कार करावा अशी कंपनीची इच्छा होती. सातवा कोयता हजेरीत बजरंगच्या नावाने होता, म्हणून ती व्यक्तीही तोच ठरला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कॉलेजच्या मैदानावर बजरंगला शाल, श्रीफळ आणि एक नवं कोरं घड्याळ देण्यात आलं. हे त्या दहांतलं नव्हतं. जरा मोठं, काळ्या डब्यातलं, वरच्या दर्जाचं होतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की मुलांनो, जिमला जायची गरज नाही, या माणसाकडे बघा. मुलांनी बघितलं. बजरंग शाल एका खांद्यावर घेऊन, ओझं घेतल्यासारखा उभा होता. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मी काय न्हाई केलं," तो माईकपासून फूटभर लांबून म्हणाला. "हौशानं केलं समदं."

पाहुण्यांनी शेजारी वाकून विचारलं, हौशा कोण.

"घरचाच हाय," बजरंग म्हणाला.

टाळ्या झाल्या. कुटुंबाचा पाठिंबा किती महत्त्वाचा, यावर पाहुणे आणखी चार वाक्यं बोलले. चांगुणा मांडवाच्या कडेला, बायकांच्या रांगेत झुंबरबाईच्या शेजारी बसली होती. बजरंग खाली आल्यावर तिने डबा उघडून बघितला. मग त्याच्या खालचा पुठ्ठा काढून बघितला. मग डबा बंद केला.

"पाकीट?" तिने नीलांबरीबाईंना विचारलं.

नीलांबरीबाईंनी तिला सरासरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या चांगलं शिकवतात. चांगुणाला एकदा सांगितल्यावर कळलं. "म्हंजी बाकीच्या नऊ जनास्नी बी बैलाला बांधाय पायजे हुतं," ती म्हणाली. ते बरोबर होतं. त्यानंतर नीलांबरीबाईंनी आठवड्यातून दोनदा उकडलेली अंडी डब्यातून न्यायला सुरुवात केली. माळावर त्या अंड्यांचे वीस माणसांत भाग पडत. तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठाच्या परीक्षांचं काम लागलं आणि तेही अनियमित झालं.

अकरा फेब्रुवारीला दुपारी, बांध चढताना, चांगुणा तिसऱ्यांदा बसली. या वेळी मोळी अंगावर आली आणि बसली म्हणायला जागा उरली नाही. अजिनाथने तिला पाणी पाजलं, सावलीत नेलं, स्वतःची खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला एसटीत बसवून द्यायचं त्याने ठरवलं. बजरंगला तो म्हणाला, "माझ्या हातात काय हाय का, सांग." त्या दिवसापासून कोयता क्रमांक सात अर्धा झाला, आणि हौशाची जोडी गाडीसकट दुसऱ्या कोयत्याकडे गेली.

निघताना बजरंगने सत्काराचं घड्याळ चांगुणाच्या हातात बांधलं. शर्ट कोपीतच ठेवला होता, त्यामुळे या वेळी ते मनगटाच्या कातडीला टेकलं. चालू करताना ते नाव, वय आणि वजन विचारतं. बजरंगने ते काही न भरता पुढे सरकवलं. अशा वेळी घड्याळ कंपनीने आधीच भरून ठेवलेला माणूस गृहीत धरतं. तो पुरुष असतो आणि पंच्याऐंशी किलोचा असतो.

नीलांबरीबाईंना हे सगळं तोवर माहीत नव्हतं. त्या स्टाफरूममध्ये होत्या. संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन वाजला. मागे एसटीचा खडखडाट आणि कंडक्टरचा आवाज येत होता.

"मॅडम, चांगुणा बोलतीया."

तिने मोळीचं, अजिनाथचं, खुर्चीचं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हतं. आता करंजी घाटात हाय, म्हणाली. तासाभरात पाथर्डी येईल.

"मॅडम, घड्याळ थरथरलं. वर हिरवा मानूस नाचाय लागलाय. आकडा तीन हजार बेचाळीस दावतंय."

नीलांबरीबाईंनी समोरच्या उत्तरपत्रिका बाजूला सारल्या.

"तीन हजाराच्या वर गेलं न्हवं," चांगुणा म्हणाली. "आता मिळंल का वो पाकीट?"

नीलांबरीबाईंनी सांगितलं की अभ्यास वीस जानेवारीलाच संपला. चांगुणा बरं म्हणाली, आणि अंड्यांचा डबा कोपीत राहिलाय, झुंबरबाईकडून मागून घ्या, असं सांगून तिने फोन ठेवला.

ती सकाळी सातला संगमनेरहून निघाली होती आणि नगरच्या स्टँडवर पाच तास बसून तिने गाडी बदलली होती. दोन्ही एसट्यांत तिला बसायला जागा मिळाली होती.